आज किती प्लाय?

कृत्रिम पाय टोचायला लागला की दोष पहिल्यांदा पायावर येतो. सॉकेट बिघडलं, पट्टा ढिला झाला, माप घेताना गडबड झाली, अशी यादी सुरू होते. त्यातलं एखादं कारण कधीकधी खरंही निघतं. पण पाय घेऊन थोडे महिने झाले असतील तर आधी स्टंपवर, म्हणजे कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागावर, घातलेले मोजे आणि त्यांची जाडी, म्हणजे प्लाय, मोजा. बरेचदा एक जास्त झालेला असतो किंवा एक कमी पडलेला असतो.

सॉकेट म्हणजे स्टंप ज्यात बसतो तो कडक पेला. प्लॅस्टरचा साचा ज्या दिवशी घेतला त्या दिवसाच्या स्टंपवरून तो बनतो आणि मग तसाच राहतो. स्टंप तसा राहत नाही. रात्रभर पाय काढून झोपलं की त्यात पाणी साठतं, सकाळी तो जरा फुगलेला असतो. पाय घालून चालायला लागलं की सॉकेटचा दाब आणि स्नायूंची हालचाल ते पाणी वर ढकलतात आणि दुपारपर्यंत स्टंप बारीक होतो. वजन वाढलं-घटलं, किडनीचा त्रास असला, लघवी जास्त करणारी हृदयाची औषधं सुरू झाली, तरी फरक पडतो. डायलिसिसवर असलेल्यांचा स्टंप डायलिसिसच्या आदल्या दिवशी वेगळा आणि होऊन आल्यावर वेगळा. न बदलणारं सॉकेट आणि रोज बदलणारा स्टंप यांच्यामधली जागा मोज्याने भरायची असते. पायाच्या सगळ्या भागांपैकी घरबसल्या, हत्यार न लावता, स्वतःच्या हाताने कमीजास्त करता येण्यासारखा हा एकच भाग आहे.

खालचं बरंचसं गुडघ्याखालच्या पायाबद्दल आहे, म्हणजे लिंब सेंटरमध्ये, कृत्रिम हातपाय बनवतात तिथे, ज्याला सगळे 'बीके' (बिलो नी) म्हणतात तो. त्यातही आत पेलाइटचं, म्हणजे दाट फोमचं, मऊ लायनर (अस्तर) असलेला. मांडीतून गेलेला पाय आणि सिलिकॉन लायनर यांचे नियम थोडे वेगळे आहेत, ते पुढे येतील.

पाय मिळण्याआधी

स्टंपला आकार द्यायचं काम पाय मिळायच्या कितीतरी आधी सुरू होतं. जखम भरत असते तोवर ड्रेसिंगवरून क्रेप बँडेज. गुडघ्याखाली ४ इंची, मांडीला ६ इंची. पट्टी तिरकी फिरवायची, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी. टोकाशी दाब सर्वांत जास्त, वर जाताना कमी कमी. गोल वेढे घालायचे नाहीत. वर एक गोल वेढा आवळला गेला की खालचं पाणी परत वर चढत नाही, टोक सुजतं, आणि वर बारीक, खाली जाड असा स्टंप तयार होतो. तो कुठल्याच सॉकेटमध्ये सुखाने जात नाही. बीकेची पट्टी गुडघ्याच्या वर न्यावी लागते आणि मांडीची कमरेभोवती, नाहीतर ती तासाभरात घसरते. मांडीच्या पट्टीत जांघेजवळचं मांस बाहेर सोडलं तर तिथे वळकटी तयार होते आणि पुढे तीच सॉकेटच्या काठावर चिमटते.

बँडेज दर ४ ते ६ तासांनी सोडून पुन्हा बांधायचं. ते आपोआप सैल होतं, आणि सैल झालेलं बँडेज बांधलं काय न बांधलं काय सारखंच. ठणकायला लागलं किंवा टोक निळसर दिसलं तर वेळेची वाट न बघता सोडायचं. बँडेजसोबत येणाऱ्या धातूच्या क्लिपा टाकून द्या आणि चिकटपट्टी वापरा. मधुमेहाने बधिर झालेल्या कातडीत क्लिपचा दात रुतलेला कळतसुद्धा नाही.

टाके निघाल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर श्रिंकर, म्हणजे इलॅस्टिकचा घट्ट मोजा. जखम ओली असताना तो चढवू नये, ओढताना कातडी ताणून जखम उसवू शकते. चढवायची रीत अशी: अर्धा उलटा करायचा, बंद टोक स्टंपच्या टोकाला अगदी टेकवायचं आणि मग बाकीचा वर उलगडत न्यायचा. टोकाशी हवेची पोकळी राहिली तर सूज नेमकी तिथेच जमते. वरचा काठ गुंडाळला गेला की तोच आवळणारा दोर होतो, म्हणून दिवसातून दोन-चारदा काठावरून हात फिरवावा. श्रिंकर दोन लागतात, एक अंगावर, एक वाळत. आंघोळ आणि कातडी तपासणं एवढ्यापुरताच काढायचा. तो आपोआप खाली सरकायला लागला म्हणजे स्टंप बारीक झाला, आता लहान साइज घ्या. मोठा श्रिंकर घालून समाधान मानण्यात काही अर्थ नाही.

पाय मिळाल्यावरही रात्री श्रिंकर चालू ठेवायचा असतो. स्टंपचा आकार स्थिरावायला साधारण १२ ते १८ महिने जातात. बंद करता येईल का हे ठरवायला सोपी परीक्षा आहे: एक रात्र श्रिंकर न घालता झोपा. सकाळी पाय नेहमीच्या मोज्यांवर सहज गेला तर ठीक. कुथून घालावा लागला तर अजून काही आठवडे श्रिंकर.

थर

कातडीला लागून नायलॉनचं पातळ शीथ, म्हणजे मोज्यासारखं आवरण. त्यावर मोजा किंवा मोजे. मग पेलाइटचं लायनर. लायनरवरून आणखी एक जुनं शीथ चढवलं तर ते सॉकेटमध्ये गुळगुळीत सरकतं, नाहीतर अर्ध्यावर अडकतं आणि माणूस उभा राहून त्यावर आदळतो.

शीथ अनेकजण वगळतात, कारण त्याला जाडी नसते आणि ते असून-नसून सारखं वाटतं. त्याचं काम वेगळं आहे. चालताना जे थोडं घासणं होतं ते शीथ आणि मोजा यांच्यामध्ये होतं, मोजा आणि कातडी यांच्यामध्ये होत नाही. घामही ते बाहेरच्या सुती थरात सोडतं. ज्यांना वारंवार केसतोड होतं किंवा नडगीच्या टोकावर फोड येतात त्यांनी औषधाआधी शीथ घालून बघावं.

मोज्याची जाडी प्लायमध्ये मोजतात. १, ३ आणि ५ प्लाय नेहमीचे. काही कंपन्या २ आणि ६ही बनवतात. हिशोब बेरजेचा: ३ वर १ चढवला की ४. पण ही बेरीज कागदावरची आहे. दोन कंपन्यांचे ३ प्लाय सारखे जाड नसतात, आणि वर्षभर धुतलेला ५ प्लाय नव्या ५ प्लायपेक्षा चपटा असतो. म्हणून शक्य तो एकाच ठिकाणचे मोजे घ्यावेत आणि पाय नीट बसला की कुठले मोजे घातले होते ते लिहून ठेवावं. काठावर रंगीत दोऱ्याचे टाके घालून ठेवले, १ प्लायला एक आणि ३ ला तीन, तर अंधारात किंवा चष्मा नसतानाही चुकत नाही. कंपनीच्या काठाच्या रंगावर भिस्त ठेवू नका, प्रत्येकीचा रंग वेगळा.

पाच १ प्लाय चढवण्यापेक्षा एक ५ प्लाय बरा. थर जितके जास्त तितक्या सुरकुत्या जास्त, आणि थर एकमेकांवर सरकतात. १ प्लाय दिवसभरातल्या बारीक फेरफारासाठी राखायचे आणि ते सगळ्यांत बाहेर घालायचे, म्हणजे दुपारी एक वाढवताना आतले सगळे काढावे लागत नाहीत.

कापडाबद्दल. लोकर दमट झाली तरी फुगीर राहते, तिचा प्लाय टिकतो, पण ती महाग, सहज मिळत नाही आणि गरम पाण्यात एकदा पडली की आटून मुलाच्या मापाची होते. सुती मोजा स्वस्त, धुवायला सोपा, पण घामाने भिजला की चपटा होतो आणि ओलाच राहतो. विदर्भातल्या मे महिन्यात किंवा कोकणातल्या दमट हवेत लोकरीचा आग्रह कोणी धरणार नाही. सुती मोजा, आत शीथ आणि दुपारी कोरडी जोडी, ही आपल्याकडची व्यवहारी तोड आहे. जेलचे मोजे हाडकुळ्या स्टंपला आराम देतात, पण ते जाड असतात. जुन्या सॉकेटमध्ये नुसते घुसवायचे नाहीत, आधी तंत्रज्ञाला विचारायचं.

मोजा सॉकेटच्या काठावरून निदान दोन इंच वर यायला हवा. आखूड पडला तर काठ उघड्या कातडीला चावतो. फार लांब असला तर मांडी घालून बसताना गुडघ्यामागे त्याचा बोळा होतो आणि तिथे लाल वळ उठतो. टोकाची शिवण बाहेरच्या बाजूला, व्रणापासून दूर. बीकेच्या बऱ्याच ऑपरेशनांत पोटरीचं मांस पुढे आणून शिवतात, त्यामुळे व्रण पुढच्या बाजूला असतो. अशा वेळी शिवण मागे वळवायची. चढवून झाल्यावर तळहात चारही बाजूंनी वर फिरवायचा. हाताला लागलेली बारीक सुरकुती संध्याकाळपर्यंत फोड देते.

खूण कुठे उमटली

मोजे किती हे अंदाजाने ठरवायचं नसतं. कातडी सांगते, फक्त वाचता यायला हवं.

बीकेच्या सॉकेटमध्ये पुढच्या बाजूला आतून एक आडवा उंचवटा असतो. तो गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या जाड शिरेवर (रक्तवाहिनी नव्हे, कंडरा) दाबायला ठेवलेला असतो, कारण ती शीर भार सोसते. ही रचना १९५०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या बर्कलीला तयार झाली आणि अजून जगभर चालते. पाय काढल्यावर त्या उंचवट्याची खूण कातडीवर बघायची. वाटीचा खालचा काठ आणि त्याखाली नडगीवर हाताला लागणारं हाडाचं टेंगूळ, या दोन्हींच्या बरोबर मध्ये खूण असेल तर मोजे बरोबर आहेत. खूण वर, वाटीला खेटून असेल तर स्टंप खोल बुडाला आहे, मोजा वाढवा. खूण खाली टेंगळावर असेल तर स्टंप वरच अडकला आहे, मोजा कमी करा.

याच्या जोडीला बाकीच्या तक्रारी वाचाव्यात. मोजे कमी असतील तर नडगीचं टोक सॉकेटच्या तळाशी आपटून दुखतं, पाय आखूड झाल्यासारखा वाटतो, पाऊल उचलताना पाय खाली ओघळतो आणि टेकवताना वर सरकतो, आतून हवेचा फुसफुस आवाज येतो, पंजा आपोआप आत-बाहेर फिरतो. मोजे जास्त असतील तर पाय लांब वाटतो, चांगल्या पायाच्या चवड्यावर चढून चालावं लागतं, सगळीकडून आवळल्यासारखं होतं आणि टोकाला मात्र काहीच टेकत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, किंचित खाली, हाडाचं एक बोंड असतं. त्याच्याजवळून नस जाते. तिथे दाब आला की मुंग्या येतात, कधी नसलेल्या पावलातही येतात. अशा वेळी मोजे वाढवून 'गादी' करायचा मोह होतो, आणि ते बरेचदा उलटं पडतं.

मोज्याची वीणही कातडीवर उमटते. ती सगळीकडे सारखी उमटली असेल तर दाब सारखा आहे. टोकाला कातडी गुळगुळीत राहिली असेल तर तिथे स्पर्शच होत नाही.

तळाशी किती टेकतं हे बघायला कणीक वापरतात. सुपारीएवढा गोळा पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून लायनरच्या तळात टाकायचा, नेहमीचे मोजे घालून पायात उभं राहायचं, दोन-चार पावलं टाकायची, काढून बघायचं. गोळा तसाच गोल राहिला तर तळाशी पोकळी आहे. पापडासारखा चपटा झाला तर स्टंप तळावर आपटतो आहे. किंचित दबलेला हवा.

नवीन पायात पहिल्या दिवसांत दर तास-दोन तासांनी पाय काढून कातडी बघायची. दाबाची लाली १० मिनिटांत जायला लागते. २० मिनिटांनंतरही ती तशीच असेल तर त्या जागी काहीतरी चुकतं आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, काळपट डाग दिसतो. मग हाताच्या पालथ्या बाजूने स्पर्श करून ती जागा बाजूच्यापेक्षा गरम लागते का बघावं. ज्यांना स्टंपमध्ये संवेदना कमी आहे त्यांनी खालच्या बाजूसाठी आरसा वापरावा किंवा घरातल्या कोणाला तरी रोज दाखवावं. त्यांना दुखत नाही, त्यामुळे दुखेल तेव्हा बघू हा हिशोब त्यांना चालत नाही.

आणखी एक. एसटीच्या लांब प्रवासात आराम म्हणून पाय काढून ठेवतात आणि उतरायच्या वेळी तो जात नाही. लटकत्या स्टंपला सुजायला फार वेळ लागत नाही. काढायचाच असेल तर लगेच श्रिंकर चढवावा आणि स्टंप शेजारच्या सीटवर आडवा ठेवावा. सकाळीही तेच: उठल्यावर तासभर स्टंप लोंबकळत ठेवून मग पाय घालायला गेलं तर रात्रीच्या मापापेक्षा एक-दोन प्लाय कमी घ्यावे लागतात.

बारा प्लायच्या पुढे

मोज्यांची बेरीज १० ते १२ प्लायच्या वर गेली की मोज्यांचा उपाय संपला असं समजावं. कारण साधं आहे. स्टंप बारीक होतो तो मांसाच्या जागी. हाडं तेवढीच राहतात. मोजा मात्र सगळीकडे सारखा जाड असतो. तो मांसाच्या जागची पोकळी भरतो तसा हाडांवरही चढतो, आणि सॉकेटमध्ये हाडांसाठी कोरलेल्या जागा त्यामुळे बुजतात. शेवटी स्टंप वरच्या तोंडाशी घट्ट आणि टोकाशी अधांतरी अशी अवस्था येते.

अधांतरी टोकाला फार जपावं. वर आवळलेलं आणि खाली पोकळ, असं महिनोन्‌महिने चाललं की टोकाची कातडी आधी जांभळट-तपकिरी होते, मग जाड होते, चामखिळीसारखी खडबडीत होते, भेगा पडून पाझरते. लोक याला बुरशी समजून मलमं लावत बसतात. मलमाने ती जात नाही. टोकाला टेकू मिळाला, म्हणजे तळात पॅड बसवलं किंवा सॉकेट नवीन केलं, की ती हळूहळू उतरते. पाझर किंवा वास असेल तर संसर्गासाठी डॉक्टरांना दाखवायचंच, पण सॉकेट न सुधारता नुसत्या गोळ्या घेतल्या तर ते परत येणार.

नवीन सॉकेटच्या आधी एक मधली पायरी असते. तंत्रज्ञ लायनरला बाहेरून पेलाइटचे तुकडे चिकटवून हव्या त्याच जागी भर घालतो. अर्ध्या तासाचं काम आहे आणि चार मोजे वाचतात. अर्धा मोजा कापून नुसत्या खालच्या भागाला घालायची युक्तीही चालते, पण कापलेली कड हाडावर येता कामा नये, आणि ती दोन पूर्ण मोज्यांच्या मध्ये दाबून घ्यावी.

लहान मुलांचं गणित उलटं. त्यांचा स्टंप वाढतो, म्हणून सॉकेट मुद्दाम थोडं मोठं करून जादा मोजे देतात आणि मूल वाढेल तसे ते उतरवत जातात. मुलाचे मोजे संपत आले म्हणजे नवीन पायाची वेळ झाली.

घरगुती पर्याय

मोजे संपले म्हणून फुटबॉलचे मोजे, बनियनच्या बाह्या, दवाखान्यातलं स्टॉकिनेट (प्लॅस्टरखाली घालतात ती विणलेली नळी), सगळं वापरलं जातं. फुटबॉलच्या मोज्याला टाच असते, तिचा फुगा नडगीवर येतो. त्याची बोटांकडची जाड शिवण बरोबर हाडाच्या टोकावर बसते आणि वरचं इलॅस्टिक आवळतं. तो नकोच. स्टॉकिनेट त्यातल्या त्यात बरं, पण त्याला गाठ मारू नका. टोक यंत्रावर सपाट शिवून, शिवण बाहेर ठेवून घाला. बनियनचं जुनं सुती कापड शीथसारखं चालून जातं, जाडीसाठी नाही.

धुणं आणि वाळवणं

रोज. कातडीला लागलेला थर रोज, बाहेरचे एक दिवसाआड चालतील. कोमट पाणी, साधा सौम्य साबण, आणि पाण्याचा निसरडेपणा जाईपर्यंत खळबळणं. मोज्यात उरलेला साबण घामात विरघळून दिवसभर कातडीवर बसतो. लायनरच्या आकाराची खाज सुटली तर ॲलर्जीच्या गोळीआधी साबण बदलून बघा. ब्लीच नको, कपडे मऊ करणारं द्रव नको, झाकणभर जंतुनाशक तर अजिबात नको. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि आडवं वाळवायचं. दोरीवर तोंडाकडून टांगला की ओला मोजा स्वतःच्या वजनाने लांबतो. लोकरीच्या मोज्यात वाळताना टोकाला टेनिसचा चेंडू ठेवला तर त्याचा आकार राहतो.

पावसाळ्यात खरी पंचाईत. जुलैत सुती ५ प्लाय पंख्याखालीही रात्रीत वाळत नाही. त्या महिन्यांत जाड एक घेण्यापेक्षा ३ प्लाय आणि १ प्लायच्या जोड्या सोयीच्या, पातळ लवकर वाळतात. इथे कमी थरांचा नियम थोडा मोडावा लागतो. दमट मोजा घालायचा नाही, कितीही घाई असली तरी. ओलसर कातडी मऊ पडते आणि एका दिवसात सोलते.

शेतात काम करणाऱ्यांना हे जास्त लागू आहे. डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट घडवला तो अनवाणी चालणाऱ्या, उकिडवं बसणाऱ्या, चिखलात उतरणाऱ्या माणसासाठी. त्याचा रबरी पंजा चिखल सोसतो. मोजा सोसत नाही. भातलावणीत पाणी सॉकेटमध्ये शिरलं की बांधावर येऊन पाय काढा, पेलाइट पुसा, स्टंप कोरडा करा, कोरडे मोजे घाला. पिशवीत जोडी नसेल तर त्या दिवशी खोल पाण्यात उतरू नका.

स्टंप रात्री धुवावा. सकाळी धुऊन लगेच पाय घातला की ओलसर कातडी फुगलेली असते आणि लायनरला चिकटून ओढली जाते. केस काढू नयेत, वस्तऱ्याने काढलेले केस आत वळून पिकतात. क्रीम लावायचंच तर झोपताना. पावडर घामात मिसळून लगदा होते आणि शिवणीत जमते, तिचा उपयोग फारसा नाही.

सिलिकॉन, मांडी, हात

सिलिकॉनचं लायनर कातडीवर थेट गुंडाळत चढवतात, त्याच्या आत मोजा घालायचा नाही, पकड जाते. मोजे बाहेरून, आणि खाली सॉकेटच्या कुलपात अडकणारी पिन असेल तर टोकाला भोक असलेले. मोज्याचा एक धागा त्या भोकातून सुटून पिनच्या कुलपात गेला की कुलूप अडतं आणि पाय निघता निघत नाही. म्हणून भोकाची कड उसवलेला मोजा लगेच बाद करायचा. कातडीची बाजू रोज साबणाने धुवायची, पुसायची आणि लायनर परत सुलटं करून ठेवायचं. उलटं ठेवलं तर ताणून आकार जातो. चढवताना टोकाशी हवा राहिली तर तिथे रक्त ओढलं जाऊन फोड येतो. नखं कापलेली हवीत.

मांडीच्या सॉकेटचे दोन प्रकार. पट्ट्यावर लटकणाऱ्यात मोजे घालतात, हिशोब वरचाच, फक्त जांघेजवळ मोजा काठाबाहेर नीट ओढून घ्यायचा. व्हॉल्व्हच्या, हवेच्या पकडीवरच्या सॉकेटमध्ये मोजा राहत नाही. तिथे पातळ ओढमोजा स्टंपवर घालून त्याचं टोक भोकातून बाहेर काढतात, मांस आत ओढून घेतात आणि मोजा पूर्ण खेचून काढून टाकतात. कृत्रिम हाताला बहुतेकदा एक पातळ सुती मोजा पुरतो. तिथे त्रास मोज्यापेक्षा काखेतल्या पट्ट्याचा, म्हणून आत बाह्यांचा बनियन घालावा.

पाय काढलेला असताना

नवीन स्टंपला एक मोठा धोका पडण्याचा असतो. झोपेत उठून, पाय आहे असं वाटून पाऊल टाकलं जातं आणि टोक फरशीवर आपटतं. काही ठिकाणी टाके असतानाच प्लॅस्टरची काढ-घाल करता येणारी टोपी देतात. तिच्या आत मोजे वाढवत न्यायचे, म्हणजे सूजही उतरते आणि मारापासूनही बचाव. ती मिळाली नसेल तर निदान पलंगाशी कुबडी आणि रात्रीचा दिवा. न्हाणीघरात लंगडी घालत जाऊ नये, स्टूल आत ठेवावं. थंडीत स्टंप गार पडतो म्हणून सैल सुती मोजा ठीक, गरम पाण्याची पिशवी नको.

मागवताना

मोफत शिबिरात पाय मिळतो तेव्हा सोबत मोजे किती आणि कुठले हे तिथेच विचारून घ्यावं, आणि संपल्यावर कुठून आणायचे तेही. पुण्यात वानवडीला १९४४ पासूनचं लष्कराचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, मुंबईत हाजी अलीला अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे. गावाकडून अशा ठिकाणी जाणं होतं तेव्हा वर्षाचे मोजे एकदमच आणावेत. सुरुवातीला शीथ ३, १ प्लाय ४, ३ प्लाय ३ आणि ५ प्लाय २ एवढे असले की पावसाळाही निघतो.

तीन मापं लागतात: टोकापासून दोन इंच वरचा घेर, मोजा जिथे संपणार तिथला घेर, आणि टोकापासून तिथपर्यंतची लांबी. फीत सैल नको, आवळूनही नको. मापं पाय किंवा श्रिंकर काढल्या काढल्या घ्यावीत. चहा-पाणी होऊन तासाभराने घेतली तर सुजेचं माप जातं आणि मोजे ढगळ येतात.